खुडूक कोंबडीला पुन्हा अंड्यावर कसं आणावं

इंदुरात परसात चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्यांच्या तक्रारी तीनच असतात. अंडी मिळत नाहीत, मिळतात ती भलत्याच ठिकाणी, आणि एक कोंबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायची म्हणून अंडी घालायच्या पेटीतून उठायलाच तयार नाही. पहिल्या दोन तक्रारी सकाळभराच्या कामात मिटतात. तिसरीवर मात्र शेजारपाजारचे लोक असे अघोरी उपाय सुचवतात की कोंबडीची कीव यावी. म्हणून इथे जास्त जागा तिलाच दिली आहे.

पेटी आणि दाणा

पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मंडीतलं फळांचं रिकामं लाकडी खोकं चालतं. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. दोन ठेवल्या तरी सगळ्या एकीतच शिरायला बघतील, त्याला इलाज नाही. पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून दीड फुटावर ठेवा आणि रात्री बसायची दांडी तिच्याहून उंच लावा. दांडी खाली राहिली तर कोंबड्या पेटीत झोपतात आणि सकाळी अंडं विष्ठेत लडबडलेलं मिळतं. आत तीन-चार बोटं गव्हाचं भूस घाला. सोयाबीनचं काड टोचतं, ते नको.

पहिलं अंडं पडल्यावरच लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं जास्त कॅल्शियमचं तयार खाद्य, सुरू करा, कोंबडीमागे रोज 100 ते 110 ग्रॅम. त्याआधी तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना, एवढं कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तेवढा त्या स्वतः खातात. मालव्यात सोयाबीन घरोघरी असतं म्हणून कच्चंच भरडून घालणारे पुष्कळ आहेत. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. तेल काढलेली पेंड, जिला दुकानदार डीओसी म्हणतात, तीच वापरा. आणि हो, अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो, आणि शेजाऱ्यांशी भांडणासाठी.

लपवून घातलेली अंडी

एक अंडं पोटात तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले 20 तास तर नुसतं कवच चढायला. अंडं घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो. त्यामुळे आज आठला घातलं तर उद्या साडेनऊ, परवा आणखी उशीर. वेळ दुपारपलीकडे सरकली की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरू होते. तेव्हा एका खाड्यानं घाबरायचं नाही.

तुरा लालभडक, पाठीवर हात ठेवताच खाली दबते, तरी आठवडाभर अंडं नाही? मग ती बाहेर कुठेतरी घालते आहे. बहुतेक अंडी अकराच्या आत पडतात, म्हणून पाच दिवस खुराड्याचं दार अकरापर्यंत उघडू नका. पेटीत लाकडी किंवा चिनी मातीचं खोटं अंडं ठेवा. बाहेरची जागा सापडली की तिथे वीट-दगड घालून ती बुजवा. नुसती अंडी उचलून जागा तशीच ठेवलीत तर ती परत तिथेच जाणार.

खुडूक

आता मुख्य गोष्ट. फाल्गुन-चैत्रात दिवस मोठा व्हायला लागला, उकाडा वाढला की देशी कोंबड्या खुडूक बसतात. असील तर हमखास. झाबुआकडची कडकनाथ सहसा बसत नाही, पांढरी लेगहॉर्न जवळजवळ कधीच नाही. ओळख सोपी आहे. दिवसभर पेटीत पसरून बसलेली, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते आणि टोचते. पोटाखालची पिसं तिनं स्वतः उपटलेली असतात. दिवसातून एकदाच उठते आणि भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून परत जाते. पेटीत अंडं नसलं तरी बसते, खोटं अंडं असेल तर त्याच्यावर बसते, काहीच नसेल तर नुसत्या भुशावर.

खात्री करायची तर रात्री बघा. बाकीच्या दांडीवर आणि ही पेटीत, असं लागोपाठ दोन रात्री दिसलं की खुडूकच. मग वाट बघू नका. "बसू दे, आपोआप उठेल" हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे. उठते, पण तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, हडकुळी होऊन आणि उवांनी भरून. तोवर बाकीच्या तिच्या अंगावर चढून अंडी घालतात, एखादं फुटतं, आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा लागली की सगळं खुराडं अंडी फोडायला शिकतं.

तिला पाण्यात बुडवणं, नाकपुडीतून पीस ओवणं, पाय बांधणं, दाणापाणी तोडणं यातलं काहीही करू नका. पाण्यात बुडवल्यानं तासभर पोट थंड होतं, अंग वाळलं की बाई पुन्हा पेटीत. पीस ओवून फक्त जखम होते. उपाशी ठेवलं तर पिसं गळायला लागतात आणि दोन-अडीच महिने अंडं विसरा.

कारण समजलं की उपाय आपोआप सुचतो. पोटाखालच्या उघड्या कातडीला उबदार, मऊ पेटीचा सारखा स्पर्श होत राहतो, त्यानं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढं राहतं आणि ते अंडाशयाचं काम थांबवतं. तो स्पर्श आणि ती ऊब तोडली की प्रोलॅक्टिन उतरतं. मारझोडीची गरज नाही, पोटाखालून वारा खेळला पाहिजे.

त्यासाठी दोन फूट लांब, दीड फूट रुंद पिंजरा घ्या, तळ जाळीचा. जाळीचं भोक अर्धा ते पाऊण इंच. मोठं असेल तर पाय अडकतो, आणि तळ लाकडी असेल तर सगळी खटपट फुकट. चार कोपऱ्यांखाली विटा लावून पिंजरा फूटभर उचला. आत दाणा, पाणी, बस्स. भूस नाही, गोणपाट नाही, "बिचारीला टोचेल" म्हणून ठेवलेला पुठ्ठा तर मुळीच नाही. त्या पुठ्ठ्यानंच बहुतेकांचा प्रयोग फसतो. जागा उजेडाची हवी आणि बाकीच्या कोंबड्या दिसायला हव्यात. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पिंजरा दाट सावलीतच ठेवा, पत्र्याखाली नको. रात्रीही ती पिंजऱ्यातच राहणार. मांजर-मुंगसासाठी जाळीच्या व्हरांड्यात आत घ्या, पण वरून पोतं टाकू नका.

तीन दिवस, तीन रात्री. चौथ्या दिवशी सकाळी सोडा आणि तासभर लक्ष ठेवा. माती उकरायला, धुळीत लोळायला गेली तर सुटली. तडक पेटीकडे धावली तर परत पिंजऱ्यात, आणखी दोन दिवस. पिंजऱ्यातच अंडं घातलं तर लगेच सोडा, काम झालं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी पकडलेली कोंबडी तीन दिवसांत उतरते. दहा दिवस बसू दिलेलीला आठवडा लागू शकतो. सोडल्यावरही लगेच अंड्याची अपेक्षा नको, आठ-दहा दिवस ते तीन आठवडे धरून चाला.

तिला उतरवून नंतर पेटीत दुपारपर्यंत अंडी साचू दिलीत तर दुसरी बसेल. अंडी रोज दुपारच्या आत उचला आणि त्या मोसमात खोटं अंडंही काढून ठेवा.

थंडीतला खंड

डिसेंबरात इथला दिवस पावणेअकरा तासांचा असतो, आणि भरपूर अंड्यांसाठी 14 तास उजेड लागतो. लहानसा बल्ब पहाटे लावून कमी भरून काढता येते. संध्याकाळी नको, एकदम अंधार झाला की दांडी सापडत नाही. चार कोंबड्यांसाठी हा खटाटोप करू नये असं स्पष्ट मत. त्यांनाही विसावा हवा.

पिल्लंच हवी असतील तर

खुडूक कोंबडी हीच सगळ्यात स्वस्त उबवणी यंत्रणा. सात दिवसांच्या आतली, कोंबड्यासोबतच्या कळपातली 10 ते 12 अंडी घ्या, धुऊ नका, आणि अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. दिवसा ठेवलीत तर बिथरते. तिची पेटी वेगळी, जमिनीवर, बाकीच्यांना शिरता येणार नाही अशी हवी. दाणा-पाणी दोन हातांवर ठेवा, अगदी चोचीजवळ नाही, म्हणजे रोज एकदा उठेल. सातव्या रात्री टॉर्चपुढे धरून बघा. लाल शिरा दिसल्या नाहीत ती अंडी काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंडी हलवू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, आणि एक-दोन अंडी मागे राहिली तर आणखी दोन दिवस तिला उठवू नका.