रेषेचं समीकरण कसं काढावं? चढ आणि एक बिंदू, एवढं पुरतं

दहावीला गणित भाग २ मध्ये रेषेचा चढ काढायला शिकवतात. अकरावीत त्याच चढावरून रेषेचं समीकरण मांडायचं असतं आणि तिथे एकदम पाच-सहा सूत्रं अंगावर येतात: चढ-बिंदू रूप, दोन बिंदू रूप, चढ-अंतःखंड रूप, दुहेरी अंतःखंड रूप. मुलं ती सगळी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतात आणि दर गणिताला विचारतात, "आता यातलं कोणतं लावायचं जी?" माझं म्हणणं, एकच नीट समजून घ्या:

य − य१ = म (क्ष − क्ष१)

म म्हणजे चढ, रेषा किती तिरकी आहे ते सांगणारा आकडा: य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. (क्ष१, य१) हा रेषेवरचा आपल्याला माहीत असलेला कोणताही एक बिंदू. नुसते क्ष आणि य तसेच ठेवायचे, त्यांच्या जागी आकडे घालायचे नाहीत, कारण ते रेषेवरच्या कुठल्याही बिंदूसाठी आहेत. हे सूत्र आलं कुठून, तेही एका वाक्यात सांगता येतं: सरळ रेषेवर कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यातला चढ तोच येतो. म्हणून (य − य१) ला (क्ष − क्ष१) ने भागलं की उत्तर म. तो भागाकार गुणाकारात मांडला, झालं सूत्र.

निर्देशकांचीच, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या दोन आकड्यांचीच अडचण असेल तर नागपूर मेट्रोचा नकाशा आठवा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उत्तर-दक्षिण मार्गिका, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. सीताबर्डी हा आरंभबिंदू धरा. प्रजापतीनगरकडे गेलं की क्ष धन, लोकमान्यनगरकडे ऋण. ऑटोमोटिव्ह चौकाकडे य धन, खापरीकडे ऋण. शहरातल्या कोणत्याही ठिकाणाचा पत्ता आता दोन आकड्यांत सांगता येतो, आधी क्ष, मग य.

आता पहिलं गणित. (२, ३) आणि (५, −३) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.

पायरी १, चढ. य मधला फरक भागिले क्ष मधला फरक:
म = (−३ − ३) / (५ − २) = −६ / ३ = −२

वजाबाकी कोणत्या बिंदूपासून सुरू करता याला महत्त्व नाही, पण वर आणि खाली क्रम एकच हवा. वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा, तर चिन्ह उलटतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

पायरी २, एक बिंदू निवडून सूत्रात घाला. मी (२, ३) घेतो, कारण त्यात वजा चिन्ह नाही:
य − ३ = −२ (क्ष − २)

पायरी ३, कंस सोडवा. य − ३ = −२क्ष + ४, म्हणून य = −२क्ष + ७. सगळं एका बाजूला नेलं की २क्ष + य − ७ = ०.

पायरी ४, पडताळा. आपण न वापरलेला बिंदू घ्या, (५, −३). क्ष = ५ घातल्यावर −१० + ७ = −३. जुळलं. या पायरीला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी बहुतेक जण ती गाळतात. दोन बिंदू दिलेले असताना वापरलेलाच बिंदू परत घालून तपासणं पुरत नाही. चढ चुकला असला तरी तो बिंदू जुळतोच.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ऋण निर्देशक आले की. बिंदू (−४, १) आणि चढ ३ दिला असेल तर क्ष − (−४) असं कंसासकट पूर्ण लिहा, मगच त्याचं क्ष + ४ करा. य − १ = ३ (क्ष + ४), म्हणजे य = ३क्ष + १३. घाईत क्ष − ४ लिहिणारा य = ३क्ष − ११ वर पोहोचतो. ही रेषाही सरळच असते, चढही ३ च असतो, त्यामुळे उत्तराकडे नुसतं पाहून काही खटकत नाही. चूक पडताळ्यातच सापडते. इथे दुसरा बिंदू नाही, म्हणून दिलेला (−४, १) च घालून बघा: −१२ − ११ = −२३ येतं, १ नाही.

हे सगळं फक्त परीक्षेपुरतं आहे असं वाटत असेल तर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपण रोज बघतो तो तापमानाचा आकडा घ्या. सेल्सिअस आणि फॅरेनहाइट यांचं नातं सरळ रेषेचं आहे. पाणी गोठतं ० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरेनहाइटला. उकळतं १०० ला, म्हणजे २१२ ला. झाले दोन बिंदू: (०, ३२) आणि (१००, २१२).

म = (२१२ − ३२) / (१०० − ०) = १८० / १०० = ९/५

य − ३२ = (९/५)(क्ष − ०), म्हणून य = (९/५)क्ष + ३२. नागपूरचा पारा ४५ वर गेला की ४५ × ९/५ = ८१, अधिक ३२, म्हणजे ११३ फॅरेनहाइट. इथला ३२ हा य-अंतःखंड, म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती जागा. य = म क्ष + क हे चढ-अंतःखंड रूप म्हणतात ते हेच, आणि ते आपण वेगळं पाठ न करता मिळवलं. ९/५ चा अर्थही बघा: सेल्सिअस १ अंशाने वाढला की फॅरेनहाइट १.८ ने वाढतो.

आता चढ सरळ न देता आडून दिलेला असतो तेव्हा. "अमुक रेषेला समांतर" म्हटलं की चढ तोच. "लंब" म्हटलं की दोन चढांचा गुणाकार −१. उदाहरणार्थ, (१, ४) मधून जाणारी आणि ३क्ष + २य = ६ ला लंब असणारी रेषा. दिलेल्या रेषेत य एकटा करा: य = −(३/२)क्ष + ३, चढ −३/२. लंब रेषेचा चढ मग २/३. य − ४ = (२/३)(क्ष − १). दोन्ही बाजूंना ३ ने गुणा, म्हणजे अपूर्णांक जातात: ३य − १२ = २क्ष − २, आणि शेवटी २क्ष − ३य + १० = ०. दोन्ही अक्षांवरचे अंतःखंड दिले असतील, समजा ४ आणि ६, तर ते (४, ०) आणि (०, ६) असे दोन बिंदूच आहेत. पहिल्या गणितासारखंच सोडवा.

ही रीत फक्त उभ्या रेषेपाशी अडते. (४, १) आणि (४, ७) घेतले तर छेदात ४ − ४ = ० येतो, शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेला चढच नसतो. तिचं समीकरण थेट लिहायचं: क्ष = ४. आडव्या रेषेचा चढ मात्र असतो, तो ०. (१, ५) आणि (८, ५) मधून जाणारी रेषा य = ५. परीक्षेत "चढ ०" आणि "चढ नाही" यांची अदलाबदल करू नका.

सरावाला एक: (−३, ५) आणि (१, −३). उत्तर २क्ष + य + १ = ० यायला हवं.