भट्टीच्या कामाला निघताना पिशवीत काय काय पाहिजे

मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर मी चांगलाच तोंडावर आपटलो, म्हणून हे लिहायलोय. मल्टिमीटर, पाने, टेस्टर हे सांगायला नको. सेल तेवढे घरीच बघा.

कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे भट्टीतल्या थर्मोकपलपासून (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेलं तापमानाचं साधन) पॅनेलमधल्या कंट्रोलरपर्यंत जाणारी, त्याच्याच गुणाची वायर. के टाइप थर्मोकपल असेल तर के टाइपचीच, आणि मापापेक्षा दोन-तीन मीटर जास्त. मी काय केलो, केबल घरी विसरलो आणि आता परत टिळकवाडीला कोण जातंय म्हणून साधी तांब्याची दोन कोअर वायर जोडून मोकळा झालो. आकडा आला, चहा प्यायलो, घरी गेलो. आता थर्मोकपल काय थेट तापमान मोजत नाही की हो, त्याच्या दोन टोकांतला फरक मोजतंय, डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, आणि तांबं जिथं सुरू झालं तिथंच त्याचं दुसरं टोक आलं. भट्टीच्या अंगाला असलेलं हेड, म्हणजे थर्मोकपलला वायर जोडायची डबी, तापून ७० डिग्री, आणि कंट्रोलर पॅनेलमधले ३० धरून बेरीज करतोय. आकडा ४० नं कमी! आत ८९०, डिस्प्लेवर गपगुमान ८५०. सकाळी सुपरवायझरनं तडा गेलेला गिअर माझ्यापुढं धरला आणि 'एन आत्री?' (काय झालं हो?) एवढंच कन्नडात विचारला.

तर केबल. घेतलात? मग तिचे रंग बघा. अमेरिकन रंगाची असेल तर पिवळी प्लस आणि लाल मायनस, आपला हात लाल दिसली की प्लसलाच जातोय. दोन्ही टोकांना उलटी बसली तर चूक दुप्पट, वर आकडा दिसायला एकदम बरा. थर्मोकपलच्या तारांवरच्या खुणा गेल्या असतील तर लोहचुंबक लावा, चिकटली ती अ‍ॅल्युमेल, म्हणजे मायनस. म्हणून चुंबक खिशात.

मिलिव्होल्ट सोर्स घ्या, थर्मोकपलच्या जागी मिलिव्होल्ट देऊन कंट्रोलर तपासायला. तांब्याच्या लीडनं ८५० डिग्रीचे ३५.३ देऊन ८५० येत नाही म्हणून कंट्रोलरला शिव्या देऊ नका, पॅनेलमधल्या ३० डिग्रीचे १.२ तो स्वतः मिळवतोय, तुम्ही ३४.१ द्या. केबल घेतलात ना?

तेलाच्या टाकीला पीटी १०० असतंय, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर, त्याला तीन वायरीच. दोन वायरींवर भागवलात तर लाइनच्या दोन ओमांचे पाच डिग्री फुकटचे वाढतात.

ट्रान्समीटरला, म्हणजे सेन्सरचं माप मिलिअँपमध्ये पाठवणाऱ्या यंत्राला, तो करंट देऊन-मोजून बघायचा लूप कॅलिब्रेटर. ४ मिलिअँप म्हणजे शून्य, ० म्हणजे वायर तुटली. करंट ट्रान्सड्यूसर काढायच्या आधी त्याला जोडलेल्या सीटीचं (करंट ट्रान्सफॉर्मरचं) सेकंडरी शॉर्ट करा, चालू लाइनवर उघडं राहिलं तर जिवावर बेतेल, यात चालढकल नको. शील्डला, म्हणजे केबलवरच्या धातूच्या जाळीला, अर्थ एकाच बाजूला. फेरूल, टेप, पेन.

आणि केबल. गाडीला किक मारायच्या आधी पिशवीत हात घालून बघा. माझी दारामागं खुंटीला होती.