इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये विंगर म्हणून जगायचं तर

इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलबद्दल मला विचारणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे लेस्टर, स्लाव, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी स्थायिक झालेले मराठी आईबाप. त्यांचा मुलगा एखाद्या क्लबच्या अकॅडमीत असतो, वेगाने पळतो म्हणून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करायला, खेळतो, आणि आता पुढे काय, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. दुसरी माझ्या कोल्हापुरातली पोरं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या स्थानिक संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम गच्च भरलेलं बघत मोठी झालेली. या दोघांसाठी हे लिहिते आहे. लीग वन आणि लीग टूमधल्या क्लबांत मी बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. उपचाराच्या टेबलावर माझ्यासमोर सगळ्यात जास्त वेळ असतात ते विंगरच. त्यामुळे त्यांचं बोलणं, त्यांची काळजी आणि त्यांचे करार मी जवळून पाहिले आहेत.

आधी शिडी समजून घ्या. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. म्हणजे हे ९२ क्लब पूर्ण व्यावसायिक. लीग टूच्या तळातले दोन क्लब दरवर्षी नॅशनल लीगमध्ये घसरतात आणि तिथले दोन वर येतात. नॅशनल लीगमध्येही पुष्कळ क्लब पूर्णवेळ पगार देतात. त्याच्याही खाली मात्र दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. आपल्याकडे टीव्हीवर दिसतात ते वरचे २०. पण इंग्लंडमध्ये फुटबॉलवर पोट भरणारे बहुतेक खेळाडू त्या खालच्या ७२ क्लबांत आहेत. त्यांचं जगणं अगदी वेगळं आहे.

मुलगा नऊ वर्षांखालच्या गटापासून अकॅडमीत नोंदवला जातो. सोळाव्या वर्षी क्लब ठरवतो, स्कॉलरशिप द्यायची की नाही. ती दोन वर्षांची असते. थोडंसं विद्यावेतन, रोजचा सराव आणि सोबत शिक्षण. अठराव्या वर्षी पुन्हा निर्णय. पहिला व्यावसायिक करार मिळणारे थोडेच, आणि मिळाला तरी तो बहुधा एका वर्षाचा असतो. इथे एक गोष्ट आईबापांना कळकळीने सांगते. त्या दोन वर्षांतलं शिक्षण ‘क्लबने सांगितलंय म्हणून’ उरकू देऊ नका. ते नीट पूर्ण केलेला मुलगा अठराव्या वर्षी सुटला तरी विद्यापीठात जातो. न केलेला घरी बसतो. दोन्ही मी पाहिलेत.

मग नेमकं कशाच्या मागे लागायचं? माझं उत्तर एकच आहे: मिनिटं. मोठ्या माणसांच्या, गुणांसाठी खेळल्या जाणाऱ्या सामन्यात मैदानावर घालवलेली मिनिटं. मोठ्या क्लबचा बिल्ला छातीवर असतो, गावाकडे फोटो जातो, नातेवाईक खूश होतात. पण वीस-एकवीस वर्षांचा मुलगा राखीव संघात अडकला, तर लीग टूचा मॅनेजर त्याला घेताना एवढंच विचारतो, ‘खऱ्या सामन्यांत हा कुठे खेळलाय?’ 

मिनिटांच्या मागे गेलेल्यांची उदाहरणं बघा. जॅरॉड बोवेन हेरेफर्ड युनायटेडमध्ये, म्हणजे पाचव्या पायरीवर, सतराव्या वर्षी मोठ्यांत खेळला. २०१४ मध्ये तो हल सिटी या क्लबात गेला, आणि त्याच वर्षाअखेर हेरेफर्डचा क्लबच बुडाला. हल सिटीमधून जानेवारी २०२० मध्ये वेस्ट हॅम. २०२३ मध्ये प्रागला झालेल्या कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला त्यानेच विजयी गोल केला. मायकेल अँटोनियो टूटिंग अँड मिचम या हौशी-अर्धव्यावसायिक क्लबातून २००८ मध्ये रेडिंगला आला. तिथे जागा नव्हती, म्हणून चेल्टनम, साउदॅम्प्टन, कोलचेस्टर असा लोनवर, म्हणजे काही काळापुरता दुसऱ्या क्लबांकडून खेळत, फिरला आणि फिरता फिरताच तयार झाला. 

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते अल्बर्ट अडोमाचं उदाहरण. हॅरो बरोमध्ये खेळायचा, तेव्हा तो कॉलेजात रंगकाम शिकत होता. २००८ मध्ये लीग टूमधल्या बार्नेटने त्याला घेतलं. पुढे ब्रिस्टल सिटी, मिडल्सबरो, अ‍ॅस्टन व्हिला. २०१४ च्या विश्वचषकात तो घानाकडून खेळला. आणि पस्तिशी उलटल्यावर पुन्हा लीग टूमध्ये, वॉल्सॉलकडून. एका विंगरचं इतकं लांब आणि भरलेलं आयुष्य मी तरुण पोरांना मुद्दाम सांगते, कारण त्यातला बराचसा काळ टीव्हीच्या झोताबाहेर गेला आहे आणि तरीही ते उत्तम करिअर आहे.

आता खालच्या लीगमधल्या विंगरचं काम. समोरच्या फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, एकास एक गाठायचं, चकवायचं आणि क्रॉस टाकायचा, म्हणजे कडेवरून चेंडू गोलसमोर पाठवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लीग टूमध्ये तुमची जागा टिकते ती उलट्या दिशेच्या पळण्यावर. चेंडू गेला की आपल्या फुलबॅकच्या मदतीला मागे धावायचं, लांब मारलेला चेंडू पहिल्या झटापटीतून सुटला की त्यावर झडप घालायची, जानेवारीच्या जड, चिखलाच्या मैदानावरही तेच करायचं. मॅनेजरला खेळाडू ‘गॅफर’ म्हणतात. विंगरचा अर्धा सामना या गॅफरच्या पुढ्यातच जातो, कारण मैदानाच्या कडेच्या रेषेला लागूनच डगआउट, म्हणजे मॅनेजर आणि बदली खेळाडूंची बसायची जागा. छोट्या मैदानांवर प्रेक्षकही हाताच्या अंतरावर असतात. ते काय ओरडतात ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं. अठरा वर्षांच्या मुलाला याची सवय लागायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याला दिला पाहिजे.

आणखी एक धोका फक्त विंगरच्या वाट्याला येतो. संघ चार-पाच सामने हरला किंवा नवा गॅफर आला, की पहिला बदल रचनेत होतो. मागे तीन बचावपटू आणि बाजूला विंगबॅक, म्हणजे हल्ला आणि बचाव दोन्हीसाठी पूर्ण कड एकट्याने सांभाळणारे खेळाडू, अशी मांडणी आली की विंगरची जागाच कागदावरून पुसली जाते. म्हणून सोळा-सतराव्या वर्षीच विंगबॅकची जबाबदारी शिकून घ्या, आणि दोन्ही बाजूंनी खेळायची तयारी ठेवा. डाव्या पायाचा क्रॉस रोज सराव संपल्यावर वीस मिनिटं घासलेला मुलगा मला नेहमी संघाच्या यादीत दिसतो.

माझा प्रांत शरीराचा, म्हणून इथे जरा थांबते. विंगरचं भांडवल म्हणजे त्याचा पहिल्या दहा-पंधरा यार्डांतला वेग, आणि त्या वेगाचा भार मांडीमागच्या स्नायूवर, हॅमस्ट्रिंगवर येतो. ऑगस्ट ते मे, लीगचे ४६ सामने. त्यात एफए कप, लीग कप, ईएफएल ट्रॉफी या वेगळ्या स्पर्धा. शनिवारी दुपारी तीनला सामना, रविवारी सैल हालचाल, सोमवारी हलका सराव, मंगळवारी रात्री पुन्हा सामना, तोही कधी बसने चार-पाच तासांवर. पूर्ण वेगाची धाव घेतलेला स्नायू इतक्या लवकर ताजा होत नाही. त्यावर सगळ्यात स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय म्हणजे नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. हा नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. कोल्हापुरातल्या पोरांनीही उद्यापासून सुरू करावा. आणि दुखणं लपवू नका. कराराचं शेवटचं वर्ष असलं की खेळाडू ‘थोडं ओढल्यासारखं होतंय’ एवढंच सांगतो आणि मैदानात उतरतो. दहा दिवसांत बरा झाला असता तो स्नायू फाटून दोन-तीन महिने बसतो. पहिल्याच दिवशी खरं सांगणाऱ्या खेळाडूवर फिजिओ आणि गॅफर दोघेही भरवसा ठेवतात.

करार ३० जूनला संपतात. मे महिन्यात क्लब कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं याची यादी जाहीर करतात. या महिन्यात ड्रेसिंगरूममध्ये किती घरांचं भाडं आणि किती मुलांच्या शाळा टांगणीला लागलेल्या असतात, ते बाहेरून कळत नाही. सुटलेला खेळाडू जुलैत दुसऱ्या क्लबात ट्रायलवर जातो. संघाच्या यादीत त्याचं नावही येत नाही, फक्त ‘ट्रायलिस्ट’ लिहिलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्यातली सुट्टी ही सुट्टी समजू नका, तंदुरुस्ती राखा. करार वाचताना मूळ पगाराइतकंच लक्ष सामन्यामागे मिळणाऱ्या रकमेकडे आणि मुदतवाढीच्या अटीकडे द्या. अमुक सामने खेळल्यास एक वर्ष आपोआप वाढेल, अशी अट असेल तर त्यात ‘सुरुवातीच्या अकरांत’ म्हटलंय की ‘बदली म्हणूनही’ चालेल, हे विचारा. विंगरला बदली म्हणून फार उतरवतात. क्लबची आर्थिक तब्येतही बघा. बरी हा क्लब २०१९ मध्ये लीग टूमधून वर चढला आणि लीग वनमधला एकही सामना न खेळता ऑगस्टमध्ये लीगबाहेर काढला गेला. खेळाडूंचे पगार त्याआधीच थकले होते.

याच बरीशी आपला एक धागा आहे. भारताचा फुटबॉलपटू बायचुंग भुतिया १९९९ मध्ये याच क्लबकडून इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवर खेळला. त्याच्याही कितीतरी आधी, १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोला सेल्टिकच्या राखीव संघाकडून पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळला, आणि तो विंगरच होता. पण कोल्हापूरच्या पोरांना स्पष्ट सांगते, आज ती वाट फार अरुंद आहे. परदेशी खेळाडूला इंग्लिश फुटबॉल संघटनेची मान्यता लागते. ती गुणांवर मिळते, आणि गुण प्रामुख्याने देशाच्या फिफा क्रमवारीवर व तुम्ही खेळत असलेल्या लीगच्या दर्जावर ठरतात. भारत क्रमवारीत पहिल्या पन्नासाच्या बराच खाली आहे. ‘आधी मास्टर्ससाठी या, मग ट्रायल देऊ,’ असं सांगून पैसे घेणारे दलाल भेटतील. स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे, डिपेन्डन्ट व्हिसावरही. रविवारी मित्रांबरोबर हौशी सामना खेळणं वेगळं. अशा दलालाला एक रुपयाही देऊ नका. इथे स्थायिक झालेल्या किंवा ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलांना मात्र ही अडचण नाही.

खेळाडूंची संघटना, पीएफए, १९०७ पासून आहे. आठवड्याला २० पौंडांची पगाराची कमाल मर्यादा १९६१ मध्ये हटली ती तिच्याच लढ्यामुळे. पहिला करार झाला की लगेच सभासद व्हा. शिक्षणासाठी ती मदत करते. सॅल्फर्ड विद्यापीठात फिजिओथेरपीची पदवी घेतलेले माजी फुटबॉलपटू माझे सहकारी आहेत, आणि फार चांगले फिजिओ आहेत. तिशीनंतर वेग कमी होतो तेव्हा अभ्यास सुरू करण्यापेक्षा पंचविशीत, बसच्या लांब प्रवासांत, सुरू केलेला बरा.

स्कॉलरशिपच्या कागदावर सही करण्यापूर्वी आईबापांनी क्लबला तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या काही वर्षांत इथले किती स्कॉलर पहिल्या संघात खेळले? मुलाला दुसऱ्या वर्षी नॅशनल लीगमध्ये लोनवर पाठवाल का? आणि करार संपता संपता गुडघा किंवा हॅमस्ट्रिंग गेला, तर पूर्ण बरा होईपर्यंत उपचार कोण करणार? तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.