विंच घसरायला लागली तेव्हा

गेटवेहून मांडव्याकडे निघालो होतो. दुपारचा वायव्येचा वारा चांगलाच भरला होता. पुढच्या शिडाचा दोर ताणताना विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या चरखीचा, ड्रम एकदम उलटा फिरला आणि दोर तळहात सोलत निसटला. आधीपासून विंचची फिरतानाची 'कट-कट' मंद झाली होती. तेव्हाच थांबायला हवं होतं.

बोट नांगरावर आल्यावर विंच खोलली. त्याआधी एका खोक्याला भोक पाडून ते तिच्याभोवती बसवलं. हे कराच, कारण आतल्या स्प्रिंगा नखाएवढ्या असतात आणि उडाल्या की थेट समुद्रात. वरची सर्क्लिप, म्हणजे ड्रम जागी धरणारी कडी, काढून ड्रम उचलला, तर आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट, त्यात मिठाचे कण. दातेरी चाकाला अडवणारे दोन्ही खटके त्यातच चिकटलेले. गेल्या वर्षी मीच सगळीकडे ग्रीस थापलं होतं, चूक तिथेच झाली.

सगळे भाग रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने धुतले. गिअर-बेअरिंगना ग्रीसचा पातळ हात दिला. खटक्यांना मात्र फक्त शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. बोटाने दाबून सोडला की खटका टचकन बाहेर यायलाच हवा. एक स्प्रिंग गंजली होती, ती बदलली. आता 'कट-कट' सुकाणूपाशीही ऐकू येते.