सिक्युअर बूट चालू केल्यावर मदरबोर्डवरचे कोड वाचताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि तेव्हापासून रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात एकाच प्रकारची दुरुस्ती पुन्हा पुन्हा येऊ लागली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) करू शकणारे मशीन लागते, म्हणून लोक बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन दोनचार गोष्टी बदलतात, सेव्ह करून बाहेर पडतात, आणि पडदा काळाच राहतो. मदरबोर्डवर एक दिवा लागलेला असतो किंवा दोन अक्षरांचा कोड दिसत असतो. तो कोड नीट वाचला तर काम बहुतेक वेळा अर्ध्या तासाचे असते. दुर्दैवाने, कोड वाचण्याआधीच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला जातो.

आपल्या किनाऱ्यावर या घाईला एक कारणही आहे. खाऱ्या, दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, त्या खोडरबरने पुसल्या की मशीन सुरू होते, आणि हा उपाय इथे इतक्या वेळा लागू पडतो की तो प्रत्येक बिघाडावरचा पहिला उपाय होऊन बसला आहे. पण काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालणारे मशीन बायोसमधला पर्याय बदलताक्षणी बंद पडले असेल, तर रॅमवर थर नेमका त्याच मिनिटाला बसलेला नसतो. म्हणून मी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की बंद पडण्यापूर्वी शेवटचे काय बदलले. कोड पाहतो तो त्यानंतर.

कोड म्हणजे गुन्हेगाराचे नाव, असे समजणे

ही चूक मला सर्वात जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. मशीन सुरू होताना बायोस एकेक टप्पा पार करते आणि प्रत्येक टप्प्याचा क्रमांक बोर्डवरच्या छोट्या पडद्यावर टाकत जाते. त्यातले बहुतेक क्रमांक प्रगती सांगणारे असतात. मशीन जिथे थांबते तिथला क्रमांक तसाच दिसत राहतो. म्हणजे गाडी कोणत्या स्टेशनात थांबली एवढेच कोड सांगतो, ती का थांबली ते आपल्याला शोधावे लागते. व्हीजीए (चित्र), डीरॅम (रॅम), सीपीयू (प्रोसेसर) आणि बूट (डिस्कवरून सुरू होणे) या चार दिव्यांचेही तसेच आहे. व्हीजीएचा दिवा लागला याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड जळले असा होत नाही. पडद्यावर चित्र आणण्याचा टप्पा पार पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या मे महिन्यात मालगुंडचा एक मुलगा आरे-वारेच्या रस्त्याने स्कूटरवर कॅबिनेट पायांमध्ये धरून दुकानात आला. तो लग्नांचे व्हिडिओ संपादित करतो, तीन लग्नांचे काम बाकी होते आणि दोन दिवस त्याला झोप नव्हती. मशीन चांगले होते: इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, दोन अंकी कोड दाखवणारा बोर्ड. त्याचे मूळचे ग्राफिक्स कार्ड आदल्या पावसाळ्यात गेले होते आणि तात्पुरते म्हणून घरात पडलेले एक फार जुने कार्ड त्याने लावले होते. एका व्हिडिओत पाहून त्याने सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या वस्तूंसाठी बायोसने ठेवलेली सोय) बंद केले, लगेच सिक्युअर बूट चालू केले, सेव्ह केले, आणि पडदा काळा झाला.

बोर्डवर कोड होता डी-६. एएमआय या कंपनीच्या बायोसच्या तक्त्यात त्याचा अर्थ सरळ आहे: चित्र दाखवण्यासाठी कोणतेही साधन सापडले नाही. पण तो छोटा पडदा सात रेघांचा असतो आणि त्यावर डी हे अक्षर इंग्रजी लहान लिपीतले दिसते. त्याने ते शून्य म्हणून वाचले. शून्य-सहाचा अर्थ तक्त्यात मायक्रोकोड भरण्याचा टप्पा असा दिला आहे, आणि मायक्रोकोड हा प्रोसेसरशी संबंधित शब्द असल्याने प्रोसेसरच गेला असा त्याने निष्कर्ष काढला. मग रात्री एक वाजता त्याने प्रोसेसर काढला, पुसला आणि पुन्हा बसवताना तो सॉकेटवर तिरका टेकला.

मी भिंगाखाली पाहिले तेव्हा सॉकेटच्या एका कोपऱ्यातल्या दोन पिना शेजारच्या ओळीत झुकलेल्या होत्या. शिवणाच्या सुईने, श्वास रोखून, एकेक पीन तिच्या जागी आणायला दोन तास लागले. पीन तुटली असती तर बोर्ड गेला असता. तो मुलगा तेवढा वेळ बाकावर बसून होता आणि एकच वाक्य म्हणत होता, “काका, मी रॅमसुद्धा तीनदा पुसली हो.”

मूळ दोष दहा मिनिटांत दूर झाला.  सीएसएम बंद केले की ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये यूईएफआयला (आजच्या पद्धतीच्या बायोसला) समजणारा जीओपी नावाचा छोटा प्रोग्रॅम असावा लागतो, आणि २०१२ च्या आसपासच्या व त्याआधीच्या बऱ्याच कार्डांमध्ये तो नसतो. कार्ड शाबूत असते, फक्त बायोसला त्याची भाषा कळत नाही. मी ते कार्ड काढले, मॉनिटरची केबल बोर्डच्या स्वतःच्या एचडीएमआयला लावली आणि बायोस समोर आले. काही बोर्ड अशा वेळी आपणहून सीएसएम पुन्हा चालू करतात, पण सगळे करत नाहीत. ज्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते, त्यांच्यासाठी दुसरे नवे कार्ड लावून पाहणे किंवा सीमॉस पुसणे (बायोसचे पर्याय मूळ स्थितीत नेणे) एवढेच मार्ग उरतात.

कोड वाचण्याबद्दल माझी सवय सांगतो. मी तक्ता उघडण्याआधी फोनवर सुरुवातीपासूनचा व्हिडिओ घेतो आणि तो सावकाश चालवून शेवटचे पाचसहा कोड कागदावर उतरवतो. शून्याला वरची रेघ असते आणि मधली नसते. डीला मधली असते आणि वरची नसते. बी आणि सहा यांतही वरच्या रेघेचाच फरक. कॅबिनेट आडवे ठेवून उलट्या बाजूने पाहिले तर ९९ चे ६६ होतात आणि ९२ चे २६, म्हणून आधी बोर्डवरची छापील अक्षरे सुलट दिसतील असे उभे राहावे. तक्ता त्याच बोर्डच्या पुस्तिकेतला घ्यावा. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डचा तक्ता घेऊन निदान करू नये.

डिस्क न पाहता सीएसएम बंद करणे

त्याच मशीनवर कार्डाचा प्रश्न सुटल्यावर लगेच बूटचा दिवा लागला, कारण विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर होते आणि सीएसएमशिवाय त्या डिस्कवरून मशीन सुरू होत नाही. डिस्क खराब झाली असे समजून फॉरमॅट मारणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे फोटो परत आणणे मला जमलेले नाही. सीएसएम पुन्हा चालू केले की विंडोज जसेच्या तसे उघडते. मग सगळ्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारे, डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन वापरावे. त्याचा तपासणीचा पर्याय आधी चालवावा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते साधन नकार देते. रूपांतर झाल्यावर सीएसएम बंद करावे, मशीन एकदा पूर्ण सुरू होऊ द्यावे आणि त्यानंतरच सिक्युअर बूटला हात लावावा. एका वेळी एकच बदल केला, तर कोणत्या बदलाने मशीन अडले हे वेगळे शोधावे लागत नाही. व्हिडिओत हे सगळे तीन मिनिटांत होते, कारण त्यातली डिस्क आणि कार्ड दोन्ही नवी असतात.

विंडोज चालू असतानाच ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून बायोस मोडची ओळ वाचली, तरी हा सगळा प्रसंग टळतो. तिथे ‘लेगसी’ लिहिलेले असेल तर थांबावे.

टीपीएमच्या प्रश्नाला न वाचता ‘वाय’ दाबणे

एएमडीच्या बोर्डवर बायोस अपडेट केल्यावर किंवा प्रोसेसर बदलल्यावर कधीकधी एक इंग्रजी संदेश येतो: एफटीपीएमची (प्रोसेसरमधल्याच टीपीएमची) नोंद बदलली आहे, ती पुसण्यासाठी वाय दाबा, जुनी ठेवण्यासाठी एन दाबा. लोक सवयीने वाय दाबतात. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन) असेल तर त्या नोंदीबरोबर डिस्क आपोआप उघडणारी किल्लीही जाते आणि पुढच्या क्षणी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. संगमेश्वरहून आलेल्या एका प्राध्यापिकेच्या मशीनवर असेच झाले होते. ते त्यांच्या पुतण्याने स्वतःच्या खात्यावर सुरू करून दिले होते, ते खाते आता उघडत नव्हते आणि डिस्कवर चार वर्षांचे संशोधनाचे टिपण होते. त्या दिवशी मी त्यांना ‘मिळणार नाही’ असे सांगितले, आणि ते सांगणे मला अजून जड जाते. डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचेच सोपे रूप) चालू आहे हेच अनेकांना ठाऊक नसते, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सुरू करताना ते पुष्कळदा आपोआप चालू होते.

म्हणून टीपीएम, सिक्युअर बूट किंवा बायोस अपडेट यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते थांबवावे आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून मालकाच्या हाती द्यावेत. संदेश आलाच आणि किल्ली हाती नसेल तर एन दाबावे. मी हा कागद माझ्याकडे ठेवत नाही. तो त्यांच्या कपाटात, रेशनकार्डाजवळ असावा.

सिक्युअर बूटच्या किल्ल्या पुसून टाकणे

‘क्लिअर कीज’ हा पर्याय साफसफाईसाठी नाही. किल्ल्या पुसल्या की बोर्ड सेटअप मोडमध्ये जातो, सिक्युअर बूट चालू दिसूनही लागू होत नाही, आणि लिनक्स शिकणारे काहीजण पुढे जाऊन फक्त स्वतःची किल्ली बसवतात. ग्राफिक्स कार्डातल्या प्रोग्रॅमवर सही असते ती मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राची. ते प्रमाणपत्रच यादीत नसेल तर बोर्ड त्या कार्डाला नाकारतो आणि पुन्हा तोच व्हीजीएचा दिवा लागतो. ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ दाबले की पुरते. सीमॉस पुसून मात्र या किल्ल्या परत येतीलच असे नाही, कारण त्या सीमॉसमध्ये नसून बायोसच्या फ्लॅश चिपमध्ये असतात.

काही छोट्या चुका

विंडोज व्यवस्थित चालू असताना बोर्डवर ए-ए दिसले तर ती खूण मशीन नीट सुरू झाल्याची आहे. काही बोर्ड त्याच जागी नंतर प्रोसेसरचे तापमान दाखवतात. ४५ हा कोड शोधत बसू नये. डी-७ म्हणजे कीबोर्ड सापडला नाही, वायरचा लावून पाहावा. डी-८ म्हणजे बायोसचा पासवर्ड चुकला. डीडीआर ५ रॅमचे मशीन सीमॉस पुसल्यावर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करते आणि डीरॅमचा दिवा काही मिनिटे तसाच राहू शकतो. तेवढे थांबण्याचा धीर नसेल तर सीमॉस पुसूच नये. पावसाळ्यात यूपीएसशिवाय बायोस अपडेट करू नये, आकाशात गडगडत असेल तर यूपीएस असूनही करू नये.

बोर्डचा सेल विसरणे

आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरलेला असेल तर अनेक बोर्डांवर प्रत्येक खंडानंतर बायोसचे पर्याय मूळ स्थितीत जातात. काही वर्षांपूर्वीच्या बोर्डांची मूळ स्थिती म्हणजे सीएसएम चालू आणि टीपीएम बंद. मग वीज आल्यावर बिटलॉकर किल्ली मागते आणि मालक म्हणतो, मी तर कशालाच हात लावला नाही. तो खरे बोलत असतो. सेल ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.८ च्या खाली दिसला की मी तो बदलतोच, आणि बदलताना धारकाच्या पत्र्यावरचा हिरवा थर पुसतो.

त्यानंतर बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मालकाच्या फोनवर पाठवतो आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो. मालगुंडच्या त्या मशीनमधल्या कागदावर तारीख आहे आणि खाली चार ओळी आहेत: सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, टीपीएम चालू, जुने कार्ड पुन्हा लावू नये.