टो-बार, सर्दीची गोळी आणि नवरात्राचा उपास: उडण्याआधी या चुका टाळा

मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवर पोरांना विमान शिकवतोय, त्याला आता बरीच वर्षं झाली. परभणी, बीड, उदगीरकडून येणारी ही पोरं सेसनाची, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाची, तपासणी मन लावून करतात. डिपस्टिकवर तेल बघतील, इंधनाचा नमुना उजेडात धरून पाणी शोधतील, टायर दाबतील. वीस मिनिटं जातात. आत बसणाऱ्याची तपासणी मात्र "फिट आहे सर" एवढ्यात उरकते. ‘आय-एम-सेफ’ची यादी सगळ्यांना तोंडपाठ: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, खाणं. परीक्षेत लिहितात, मार्क घेतात आणि तिथंच सोडून येतात.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते घरचा फोन कानाला लावून विमानाकडे चालणाऱ्यांवर.

जुलैची गोष्ट. आठवडाभर ढग खाली बसलेले, उड्डाणं बंद, आणि त्या सकाळी आभाळ उघडलं. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यामुळे असा दिवस उजाडला की पोरं पहिल्या पंगतीला बसायची घाई करावी तशी करतात. बीडकडचा एक पोरगा, हुशार, हात चांगला, सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायला, निघाला. मी खिडकीत चहा घेऊन उभा. तो आत बसला, बेल्ट लावला, मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, ऑन केला, शेपटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. आणि पुढच्या चाकाला टो-बार तसाच! हँगरमधून विमान ओढायचा तो लोखंडी दांडा, लांबून दिसावा म्हणून मुद्दाम लाल रंगवलेला. कप तिथंच टाकून पळालो, त्याला दिसेन अशा बाजूनं, दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून. इंजिन सुरू झालं असतं तर पंख्यानं दांडा भिरकावला असता. कुणाच्या अंगावर, ते नशीब.

खाली उतरवला. चेकलिस्टवर ‘टो-बार काढला’ याच्यापुढे टिक होती. त्यानं खोटं केलं नव्हतं. आपण बघूनच टिक केली, असं त्याला खरोखर वाटत होतं.

"घरून फोन होता का?"

"हो सर. पेरलेलं उगवलंच नाही म्हणायलेत अण्णा. दुबार पेरायला पैसे कुठून आणावं, विचारायलेत."

विचारायलेत कुणाला, तर ज्याच्या फीसाठी दोन एकर विकलं त्यालाच.

ताण म्हणजे नुसती छातीतली धडधड नव्हे. ताणात माणसाचं लक्ष एकाच गोष्टीला चिकटतं आणि बाकीचं समोर असून दिसत नाही. रोजच्या कामात हे जास्त घडतं. हात सवयीनं चालत राहतात, त्यामुळे डोकं शेतात आहे हे इतरांना कळत नाही आणि स्वतःलाही नाही.

माझा उपाय काही शास्त्रीय वगैरे नाही. उड्डाणाच्या तासभर आधी फोन माझ्या ड्रॉवरमध्ये जमा. आणि "फिट आहेस का?" हे मी विचारतच नाही, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "काल रात्री काय जेवलास, किती वाजता झोपलास?" असं विचारतो. उत्तर यायला वेळ लागला, की त्या दिवशी सोलो बंद. माझ्यासोबत चल, नाहीतर खोलीवर जा. तास बुडाला म्हणून तोंड पाडतात. पाडू देत.

सर्दीच्या गोळीची चूक मी स्वतः केलेली आहे. नाक चोंदलेलं, मेडिकलवाल्याकडून गोळी घेतली, बरं वाटलं, उडालो. वर जाताना त्रास नाही, कारण बाहेरचा दाब कमी होतो आणि कानातली हवा घशाकडच्या नळीतून आपोआप निघून जाते. उतरताना तीच हवा परत आत यायला हवी, पण सुजलेली नळी वाट देत नाही. सहा हजार फुटांवरून खाली यायला लागलो आणि उजव्या कानात दाभण खुपसल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं, आवंढे गिळले, काही उपयोग नाही. शेवटी पुन्हा वर चढलो आणि टप्प्याटप्प्यानं उतरलो. त्या वेळी रेडिओवर काय बोललो ते आजही आठवत नाही.

नाक मोकळं झालं तरी गोळी संपलेली नसते. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, त्यानं गुंगी येते, आणि झोप आली नाही म्हणजे परिणाम नाही असं समजू नका. अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा, सल्ला आहे, की असं औषध घेतल्यावर दोन डोसांमधल्या अंतराच्या पाचपट वेळ थांबा. सहा-सहा तासांनी घ्यायची गोळी असेल, तर ३० तास. "अर्धीच घेतली सर" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, घरी पाठवतो.

नवरात्रात अर्ध्या बॅचचा उपास असतो. आमच्याही घरी घट बसतात, तुळजापूरला मीही जातो. पण पहाटे चारला उठून काळा चहा आणि मूठभर शेंगदाण्यांवर उडायला येऊ नका. डाऊनविंडचा, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडतानाचा, रेडिओ कॉल दोनदा देणारा आणि फ्लॅपच्या लिव्हरवर थरथरणारा हात मी शेजारच्या सीटवरून बघितलाय. राजगिऱ्याचा लाडू, केळं, दही, सगळं उपासाला चालतं. निर्जळच धरायचा असेल तर त्या दिवशी विमान सोडा.

पाणी: लघवीला लागेल म्हणून पीत नाहीत. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत, बंद कॉकपिटमध्ये!

दारू: उडण्याआधी १२ तास नाही, असा नियम आहे. मी २४ धरतो, आणि यावर चर्चा करत नाही.

झोप: रात्रभर पेपरचा अभ्यास करून सकाळी उडायचं नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा चुकतो. पिऊन यायची तुमची छाती होणार नाही, जागून मात्र फुशारकीनं येता. गाडीत डुलकी काढून थेट कॉकपिटमध्ये, हेही नको. २२ मे २०१० ला मंगळूरच्या विमान अपघातात १५८ माणसं गेली. कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून जास्त झोपले होते आणि उठल्यावरची गुंगी पुरती उतरायच्या आतच विमान उतरवायला घेतलं, असं चौकशीत निघालं. सहवैमानिक परत वर जाऊ म्हणत होता. डुलकीनंतर मी अर्धा तास हँगरभोवती चालतो, मगच चावी घेतो.

आणि मेडिकलला, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत, काही लपवू नका. कोझिकोडच्या विमान अपघातात ७ ऑगस्ट २०२० रोजी २१ जण गेले. कॅप्टन डॉक्टरांनी न लिहून दिलेल्या मधुमेहाच्या गोळ्या घेत होते, त्यानं साखर उतरून निर्णयावर परिणाम झाला असावा, असं तपास अहवालात आहे. माझी बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा मी आधी मेडिकलच्या डॉक्टरांना सांगितलं. तीन महिने जमिनीवर बसवलं. तेवढ्यात एका बॅचचं हवामानशास्त्र पूर्ण करून टाकलं.