नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नसतं, या चुका टाळा

बाबा जेवायला बसले की डावीकडचं पाण्याचं भांडं हमखास लवंडायचं. आधी वाटलं घाई, मग वाटलं वय. ठाण्याच्या नौपाड्यातून रोज तलावपाळीला फेरी मारणारा माणूस, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा, त्यांच्या डोळ्यात काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, चष्मा तर आम्ही दर दोन वर्षांनी बदलत होतो ना. डॉक्टरकडे नेलं तेही रांजणवाडी झाली म्हणून, आणि तिथे कळलं की काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार, डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेलीय. गेली ती परत येत नाही, उरलीय ती सांभाळायची.

सगळ्यात मोठी चूक आमची हीच. दुकानातल्या मशीनवर हनुवटी टेकवली, नंबर निघाला, झालं चेकअप. अहो ते मशीन फक्त नंबर सांगतं, डोळ्याचं प्रेशर, आतली नस, मागचा पडदा (रेटिना) यातलं काहीच बघितलेलं नसतं. बहुतेकांना काचबिंदूत दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचं छान दिसत राहतं आणि नजर कडेने कमी होत जाते. आणि फक्त प्रेशर नॉर्मल आलं म्हणून पण निश्चिंत होऊ नका, साधारण १० ते २१ (mmHg) च्या आत, म्हणजे नॉर्मल प्रेशर असूनही काचबिंदू होतो, म्हणून नस पण बघा असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. घरात आईवडील, भाऊबहीण कुणाला असेल तर तेही पहिल्यांदा सांगा.

चाळिशी लागली की आपण काय करतो, स्टेशनबाहेरून रेडिमेड चष्मा उचलतो. अक्षरं दिसायला लागतात आणि डॉक्टरकडे जायचं राहून जातं. खरं तर पहिली पूर्ण तपासणी करायची हीच वेळ.

दुसरी चूक, दोन्ही डोळे उघडे ठेवून "दिसतंय की" म्हणणं. चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो. ठाणे स्टेशनला गाडीची वाट बघताना एकेक डोळा हाताने झाकून इंडिकेटर वाचून बघा, फरक वाटला तर लगेच दाखवा (फरक नाही वाटला तरी तपासणी चुकवू नका, काचबिंदू यात कळत नाही).

मुलांचं तर अजून कठीण, त्यांना सांगताच येत नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मैत्रिणीची मुलगी, चार वर्षांची, खेळताना तिचा उजवा डोळा झाकला की हात जोरात ढकलून द्यायची, डावा झाकला की काही नाही. आळशी डोळा निघाला, म्हणजे एका डोळ्याची नजर नीट तयारच झालेली नसते. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, आता सुधारतेय. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर फायदा जास्त, म्हणून तक्रार नसली तरी तीन-चार वर्षांचं असताना एकदा दाखवाच. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, हे विसरू नका. आणि फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली तर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

डायबेटिसवाले म्हणतात शुगर कंट्रोलमध्ये आहे. असू दे. टाइप २ असेल तर निदान झाल्यावर लगेच पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले, कामात अडचण व्हायला लागली की ऑपरेशनचं विचारा. डोळा लाल झाला म्हणून केमिस्टकडून मनाने थेंब आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि जास्त दिवस घातलं तर प्रेशर वाढू शकतं.

बाहुली मोठी करायचे थेंब घालतात म्हणून काही जण तपासणीच टाळतात. चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो, एवढंच. स्कूटर घरी ठेवा, कुणाला तरी सोबत घ्या, गॉगल, जुना चष्मा आणि जुने कागद न्या.

अचानक डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

काचबिंदूचे थेंब चालू असतील तर एक थेंब पुरतो, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली संपली म्हणून थांबायचं नाही. बाबांची पुढची बाटली मी आधीची संपायच्या आठवडाभर आधीच आणून ठेवते.